दिलेले बाप

हाडं मोजणं हे कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं. हाड धुवायचं, सावलीत वाळवायचं, मऊ ब्रशनं झाडायचं, काळ्या शाईनं त्यावर बारीक आकडा घालायचा आणि आकड्यावर वार्निशचा एक थेंब टाकायचा. मग कॅलिपर लावून तीनदा मोजायचं, तिन्ही मापं लिहायची. राजधानीत, बिश्केकच्या आमच्या पुरातत्त्व संस्थेत मी चौतीस वर्षं हेच केलं. बुर्माकान खडूस आहे, माणसांपेक्षा तिचं हाडांशी जास्त जमतं, असं लोक म्हणतात. खोटं नाही ते. हाड तोंडदेखलं बोलत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल की म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंही असेल. पण मापं मी घेतलेली आहेत आणि प्रत्येक माप तीनदा घेतलेलं आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आत-बाशीच्या खोऱ्यात, आमच्याच गावामागचा मातीचा उंचवटा खणायला घेतला. साठ-सत्तर घरांचं गाव. छपरांवर गवताच्या गंज्या, अंगणात गोवऱ्यांच्या राशी, आणि दक्षिणेला डोंगराची रांग, जिच्यावरचा बर्फ ऑगस्टातही हटत नाही. त्या उंचवट्यावर मी लहानपणी वासरं चारली आहेत. आत कुणीतरी पुरलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यावर कुणी घर बांधलं नाही, एवढंच.

माझे वडील, इशेनाली, तिथंच राहतात. तेव्हा ते शहाऐंशीचे होते. आयुष्य मेंढ्यांमागं गेलं, पण खोऱ्यात मान होता तो त्यांच्या स्मरणशक्तीला. आमच्यात प्रत्येकाला आपले सात बाप पाठ लागतात: बाप, आजा, पणजा, असे वर सातापर्यंत. ज्याला सांगता येत नाहीत तो गुलाम, असं आम्ही शेंबड्या पोरालाही ऐकवतो. सोयरीक जुळवायची तर दोन्हीकडच्या सातांत एकही बाप सामाईक निघता कामा नये. तेव्हा लग्न ठरायच्या आधी लोक बाबांकडे यायचे. बाबा दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या गादीवर बसून डोळे मिटायचे आणि दोन्ही घराण्यांची नावं घडाघड म्हणून दाखवायचे. सुरुवात मात्र नेहमी स्वतःच्या सातांपासून. मलाही त्यांनी ते सातही पाठ करून घेतले होते. चुकले की चहात साखर मिळायची नाही.

ती नावं मी इथं लिहिणार होते.

असो. उंचवट्याच्या पोटात लाकडी ओंडक्यांची खोली निघाली. मधोमध खड्डा. चोरांनी जुन्या काळीच वरून भोक पाडून मुख्य माणूस त्याच्या दागिन्यांसकट ओढून नेला होता. चोर घाईत असतात, त्यामुळे कमरपट्ट्याच्या अकरा सोन्याच्या चकत्या कोपऱ्यात सांडून राहिल्या होत्या. आणि त्याच कोपऱ्यात, मालकाच्या पायाशी ठेवतात तसा, एक माणूस कुशीवर मुडपून पडला होता. पुरुष, तिशीतला, पाठीचे मणके ओझ्यानं झिजलेले. दोन्ही नडग्यांच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या वर, हाडाला गोल खाच पडलेली. डावीकडे खोली २.४ मिलिमीटर, उजवीकडे २.१. वर्षानुवर्षं एकाच जागी काहीतरी घासत राहिलं की हाड असं झिजतं. बेडी असेल नाहीतर घोड्याच्या केसांचा दोर. मी वहीत लिहिलं: बांधलेला माणूस, बहुधा मालकाबरोबर पुरलेला.

आमच्या संस्थेचा प्रमुख शायिरबेक कधीकाळी माझाच विद्यार्थी. हुशार पोरगा होता, मन लावून खणायचा. तो तिसऱ्या दिवशी दोलोनची खिंड ओलांडून गाडीनं आला. त्याच्यामागं दूरचित्रवाणीवाले आले. सोनं पाहिलं आणि त्याच संध्याकाळी साऱ्या देशानं ऐकलं की आपला पहिला खान सापडला.

दुसऱ्या दिवशी तंबूत मी त्याच्यासमोर दोन्ही नडग्या ठेवल्या. त्यानं भिंग लावून पाहिल्या. खूण त्याला कळली. मीच शिकवलं होतं त्याला.

“एजे,” तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो मला पहिल्यापासून एजे म्हणतो. “हा वातही असू शकतो की.”

“वात माझ्या घोट्याला आहे. त्याच्या घोट्याला दोर होता.”

“मग लोकांना काय सांगू? तुमचा मूळपुरुष गुलाम निघाला म्हणून?”

“मूळपुरुष मी म्हटलंच नव्हतं. कालच्या बातम्यांत तूच म्हणालास.”

तो हसला नाही. बराच वेळ बोलत राहिला आणि त्याचं बोलणं अगदीच खोटं होतं असंही नाही. आपला देश कालचा. नकाशावरच्या रेघा दुसऱ्यांनी मारल्या, आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, आपण होतो कोण हेसुद्धा दुसऱ्यांनीच सांगितलं. सगळ्या शेजाऱ्यांच्या संग्रहालयात सोन्यानं मढलेला एकेक पूर्वज उभा आहे, आपल्याच दारात कुणी नाही. ऑगस्टात राज्याचा उत्सव आहे. वरून विचारणा झाली आहे. अहवालात खोटं काही लिहू नका, फक्त घोट्यांचा परिच्छेद तेवढा गाळा. आणि जागा कोपऱ्यातली न म्हणता नुसती ‘खोलीतली’ म्हणा.

मी नाही म्हटलं. हे मी अभिमानानं सांगत नाहीये. पहिल्यांदा नाही म्हणणं सोपं असतं.

घरी गेले तर अंगणात घोडे बांधलेले. अख्खं खोरं बाबांना मुबारक द्यायला लोटलं होतं. खान आमच्या गावात निघाला, म्हणजे आमचाच कुणी. काल्बूबू, आमची शेजारीण, मोठ्या कढईत कणकेचे बोर्सोक तळत होती आणि रडतही होती. बाबा मानाच्या गादीवर ताठ बसले होते. मी त्यांना आईच्या मयतीला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. ते म्हणाले की लहानपणी शाळेत मास्तर सांगायचा, तुम्ही लोक काल डोंगरावरून उतरलात. मास्तर जिवंत असता तर त्याला हाताला धरून तिथं नेला असता.

पाहुणे गेल्यावर मी पीठ तिंबत बसले. बाबा चुलीपाशी येऊन बसले.

“शायिरबेक आला होता. उत्सवाला मी त्या माणसाला आपल्या वंशात जोडून द्यावं म्हणतो. मी म्हटलं, मधली दोन हजार वर्षं काय तू भरणार? नावं बनवणाऱ्यातला मी नव्हे.”

“बरं केलंत.”

“पण एक करता येईल. ज्याचे बाप माहीत नाहीत त्याला आपण आपले देतो. माझ्या आजोबांनी एका परक्याला दिले होते, तसे. खोटं नाही त्यात काही.” मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “हाडं तू पाहिलीस. तो मोकळा माणूस होता ना?”

मी पीठ तिंबत राहिले.

“विचारतो एवढ्याचसाठी,” ते म्हणाले, “की बांधलेल्याला बाप द्यायचे नसतात. आधी दोर कापायचा असतो.”

त्यांचे डोळे अजून ओले होते. शहाऐंशी वर्षांत या माणसाला कुणी काही दिलं नव्हतं. एका परिच्छेदासाठी मी त्यांच्याकडून हेही काढून घेऊ? मला ते जमलं नाही. आणि दोर, बाप, देणंघेणं ही म्हाताऱ्यांची बोलणी. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं?

“मोकळा होता,” मी म्हटलं. “राजाच होता.”

दुसऱ्या दिवशी तंबूत जाऊन मी परिच्छेद खोडला आणि सही केली. शायिरबेकनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात गार होते.

ऑगस्टाच्या शेवटी उत्सव झाला. उंचवट्याभोवती पांढरे तंबू, झेंडे, शाळेतल्या मुली नव्या टोप्या घालून. बिश्केकहून काचेच्या पेटीत हाडं आणली होती, मखमलीवर. सोन्याच्या चकत्या त्याच्या कमरेवर मांडल्या होत्या. एक मंत्री बोलला, दुसरा बोलला. मग बाबांना पुढं नेलं. त्यांनी स्वतःचे सात बाप म्हटले, खणखणीत, वरपासून खालपर्यंत. पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, “माझे सात बाप ते तुझे सात बाप. घे.”

हे बोललं की समोरच्यानं ‘घेतले’ म्हणायचं असतं. बाबा रीतीप्रमाणे थांबले. लोकांना ते गमतीचं वाटलं, कुणी कुणी हसले. बाबा थांबूनच होते. ध्वनिक्षेपकातून नुसता वारा ऐकू येत होता. मग त्यांनी मान हलवली, ऐकू आल्यावर हलवावी तशी, आणि हात काढून घेतला.

घरी आल्यावर ते चहा न घेताच आडवे झाले. थकले असतील असं मला वाटलं.

सप्टेंबरात मी रजा घेऊन गावीच होते. पलीकडच्या गावाहून एक कुटुंब सोयरिकीसाठी आलं. बाबांनी डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे आपल्या सातांपासून सुरुवात केली. मी चहा ओतत होते. मोजायची खोड मला आहेच, बोटं आपोआप मुडपतात. सहा बोटं मुडपली आणि बाबा पुढच्या घराण्यावर गेले.

पाहुण्यांच्या लक्षात आलं नाही. मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं. सर्वांत वरचा, सातवा, तो सुरुवातीलाच येतो. त्याची गोष्ट मला आठवत होती: लांडग्यानं त्याचा कान तोडला होता, म्हणून तो टोपी कधी काढायचा नाही. टोपी आठवत होती. नाव नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं. “सहाच तर आहेत,” ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला, कारण सहा कुणाचेच नसतात.

वय झालंय, मी म्हटलं. त्यांचंही, माझंही. पेटीतून आईची वही काढली. शाळेची जाड पुठ्ठ्याची वही. चौऱ्याहत्तर साली आईनं त्यात सगळी वंशावळ उतरवून घेतली होती. पानावर सहा ओळी होत्या. वरची ओळ कोरी. खोडलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं. बिश्केकला परतल्यावर मी ते पान अतिनील दिव्याखाली धरलं, तिरप्या उजेडात धरलं. आई पेन दाबून लिहायची, मागच्या पानावर तिची अक्षरं उमटलेली असत. त्या जागी कागद सपाट होता.

त्याच आठवड्यात हाडांची पेटी माझ्या टेबलावर आली. संस्थेच्याच संग्रहालयात कायमची ठेवण्याआधी शेवटची तपासणी. डावी नडगी उचलली, कॅलिपर लावला. २.१.

कॅलिपर बिघडला असेल म्हणून ठरल्या मापाच्या ठोकळ्यावर तपासला. बरोबर होता. जूनमधली वही काढली: डावी २.४. पुन्हा मोजली. पुन्हा मोजली. मेलेलं हाड झिजतं, फुटतं, त्याचा चुरा होतो. भरून येत नाही. दोन हजार वर्षांनी तर नाहीच नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते? जी खूण नाही म्हणून मी सही केली होती, ती कमी होतेय?

ऑक्टोबरात काल्बूबूचा फोन आला. बाबांनी गादी बदलली आहे. मानाची जागा सोडून बाजूच्या भिंतीशी बसतात. विचारलं तर म्हणतात, तिथं वारं लागतं. मी गाडी धरून गावी गेले. आता ते पाच नावं म्हणत होते. सहाव्यानं मीठ आणायला बर्फातून बैल हाकले होते, का घोडे, ते मला नीट आठवेना.

परत येऊन मोजलं. १.७.

पुढचे थंडीचे महिने मला वेगवेगळे सांगता येत नाहीत. मी बिश्केकहून आत-बाशीला आणि आत-बाशीहून बिश्केकला हेलपाटे घालत राहिले. खिंडीत बर्फ, गाडीत मेंढीच्या कातड्यांचा वास, आणि माझ्या मांडीवर दोन वह्या. एकीतल्या ओळी कमी व्हायच्या, दुसरीतले आकडे. मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर उरलेली नावं लिहून घरभर लावली. नाव गेलं की चिठ्ठी तिथंच असायची, कोरी. रेकॉर्डिंग केलं. त्यात बाबांचा आवाज एके ठिकाणी थांबतो, श्वास घेतो आणि पुढं जातो. खोऱ्यातल्या इतर म्हाताऱ्यांकडे गेले, कारण आमचे बाप त्यांनाही ठाऊक होते. एकानं खूप आठवून सांगितलं, “तुमच्या बापाचे बाप? तो परका ना, बाहेरून आलेला?” मला संताप आला. त्याच्या दारात मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याच्या सुनेनं दार लावून घेतलं.

सोयरिकीसाठी लोक यायचे बंद झाले.

बाबा भिंतीशी सरकत सरकत दाराजवळ आले होते. काल्बूबू आधी त्यांना चहाची वाटी दोन्ही हातांनी द्यायची. एकदा मी पाहिलं, तिनं वाटी जमिनीवर ठेवली आणि पायानं थोडी पुढं सरकवली. आपण काय केलं ते तिला कळलं नाही. ती भली बाई आहे.

जानेवारीत मी आजोबांच्या कबरीवर गेले. बाबांचे वडील. त्यांना मी पाहिलेलं आहे, त्यांच्या घोड्यावर बसले आहे. दगडावर दोन तारखा होत्या आणि नाव नि चेहरा कोरलेला असतो ती जागा गुळगुळीत होती. मी हातमोजा काढून बोटं फिरवली. आत काही लागतंय का बघत राहिले. बोटं बधिर झाली तेव्हा घरी आले.

बाबा दाराशी बसून माझे बूट पुसत होते.

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. खाच, परिच्छेद, सही. तो कोपऱ्यात पडला होता. तो बांधलेला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बूट खाली ठेवला.

“मग त्याचा तरी काय दोष,” ते म्हणाले. “ज्याला कुणी नव्हतं त्यानं घेतले.”

“परत मागा, बाबा. उद्या जाऊ. दोर घेऊन जाऊ, कापू त्याच्यासमोर.”

“कुणाच्या नावानं मागू?” त्यांनी विचारलं.

मला रडू आलं आणि ते माझ्याकडे पाहत बसले. मी रडतेय तर आपण उठावं की बसून राहावं, हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बिश्केकला गेले. शायिरबेकच्या खोलीत जाऊन म्हटलं की मला अहवाल दुरुस्त करायचा आहे. माझी नोकरी घे, माझं नाव काढून टाक, वर्तमानपत्रात छाप की बुर्माकाननं लबाडी केली. पण घोटे लिही.

त्यानं आडकाठी केली नाही. त्यानं पेटी उघडवली, हातमोजे घातले आणि दोन्ही नडग्या खिडकीपाशी नेल्या.

“दाखवा, एजे.”

हाडं गुळगुळीत होती. कधी काही घासलंच नव्हतं अशी. मी कॅलिपर लावला. खोली शून्य. मणके पाहिले, ओझ्याची झीज नव्हती. ताठ पाठीचा, घोड्यावर बसणारा, चांगलं खाल्लेला माणूस होता तो. मी तसा माणूस मोजला असता तर मीही खान लिहिलं असतं.

“जूनचे फोटो,” मी म्हटलं.

फोटोत घोट्यांवर करडी रेघ होती. शायिरबेकनं फोटो उजेडात धरला. “सावली आहे,” तो म्हणाला. आणि ती सावलीच होती.

माझी वही उरली होती. डावी २.४, उजवी २.१. ती त्यानं हळूच मिटून मला परत दिली. म्हणाला, तुम्ही दमला आहात. त्याच्या डोळ्यांत खरोखर दया होती. मला त्याला विचारायचं होतं की तुला तरी आठवतं ना, तंबूत भिंग लावून तू पाहिलं होतंस? मी विचारलं नाही. त्याला आठवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

जाताना संग्रहालयाच्या पायऱ्यांवर शाळेच्या मुलांची रांग होती. बाई त्यांना पाटीवरचं म्हणायला लावत होत्या. पहिला खान, आणि त्याचे सात बाप. पोरं एका सुरात म्हणत होती. सात नावं. मी तिथं उभी राहून ऐकली. छान नावं होती. एकही ओळखीचं नव्हतं.

नोकरी सोडून मी गावी राहायला आले.

फेब्रुवारीत अंगणात ताजा बर्फ पडला. घरापासून गोवऱ्यांच्या राशीपर्यंत त्याची पावलं उमटली होती. मोजायची खोड जात नाही. मी पट्टी लावली. एका पावलापासून दुसरं पाऊल प्रत्येक वेळी बावीस सेंटीमीटरवर. एकही लांब नाही. दोर जेवढा पोचतो तेवढीच.

मी ‘त्याची’ लिहिलं. ‘बाबांची’ लिहायला हवं होतं.

हा म्हातारा माझे वडील आहेत, असं माझ्या वहीत पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. रोज सकाळी मी ते वाचते. अक्षर माझं आहे यात शंका नाही. म्हणून हे लिहितानाही मी बाबा म्हणत आले. पूर्वी वाचल्यावर मी उठून दाराशी त्याला बघून यायचे. आता एखाद्या जुन्या अहवालातलं वाक्य वाचावं तसं वाचते.

तो कामाला चांगला आहे. चूल पेटवतो, पाणी आणतो, सांगितल्याशिवाय बसत नाही.

काल मी काल्बूबूकडे गेले आणि त्याला बस म्हणून सांगायचं राहून गेलं. परत आले तेव्हा दुपार कलली होती. तो दाराशी तसाच उभा होता, हात पुढं बांधून.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “बसू का?”

मी बस म्हटलं. तो खाली बसला आणि माझ्या पायांतले बूट ओढून काढू लागला. मी पाय पुढं केला. खरं सांगते, मला त्यात वावगं असं काही वाटलं नाही.